अनाहूत टपाल

घरीं पत्र येणें हा एके काळीं लहानसा समारंभच असे. पोस्टमनची हांक आली कीं माजघरांतून कोणी तरी हात पुसत बाहेर येई, पाकिटावरच्या अक्षरावरूनच पत्र कोणाचें तें सांगे, आणि मग एकानें तें मोठ्यानें वाचावयाचें व बाकीच्यांनीं ऐकावयाचें असा बहुतेक घरांतला परिपाठ होता. आतां पत्र विजेच्या वेगानें येतें. पण तें ज्याच्या त्याच्या हातांतल्या यंत्रांत येतें व ज्याचें त्यानें एकट्यानेंच वाचावयाचें असतें. ह्या बदलाचे फायदे पुष्कळ आहेत व ते आम्ही नाकारीत नाहीं. परदेशीं असलेल्या मुलाचें कुशल तत्क्षणीं कळावें, हें सुख पूर्वींच्या पिढीला नव्हतें. परंतु सकाळीं ई-मेलची पेटी उघडावी, तींत चाळीस पत्रें पडलेलीं असावीं आणि त्यांतलीं पांच-सहाच आपल्या माणसांचीं वा आपल्या कामाचीं निघावीं, हाहि अनुभव आतां घरोघरचा झाला आहे. कोणी न मागतां कर्ज देऊं करितो, कोणी टक्कल घालविण्याचें औषध विकतो, कोणी न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागल्याचें कळवितो, तर कोणी आपल्याच बँकेच्या नांवानें आपल्यास दटावतो. ह्या सर्व जातीच्या टपालाला इंग्रजींत 'स्पॅम' असें म्हणतात. आम्ही ह्या लेखापुरतें त्याला 'अनाहूत टपाल' म्हणूं. आहूत म्हणजे बोलाविलेला. अनाहूत म्हणजे न बोलावितां दारांत येऊन उभा राहिलेला. ह्या पाहुण्याशीं कसें वागावें, असें ह्या सदराच्या कित्येक वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे. म्हणून हा विषय घेतला आहे.

प्रथम त्या इंग्रजी नांवाची कथा सांगतों. अमेरिकेंतील हॉर्मेल नांवाच्या कंपनीनें १९३७ सालीं डब्यांतलें एक मांसान्न 'स्पॅम' ह्या नांवानें विकावयास काढलें. पुढें १९७० सालीं इंग्लंडांतल्या 'मॉन्टी पायथन' ह्या विनोदी मंडळीनें दूरचित्रवाणीवर एक प्रवेश दाखविला. त्यांत एका खाणावळींतल्या बहुतेक प्रत्येक पदार्थांत तेंच अन्न घातलेलें असतें, आणि गिऱ्हाइकाला तें नको असतांहि चुकवितां येत नाहीं. आमच्या पंक्तींत ती वस्तु येण्याचा संभव नाहीं. पण नको असलेला पदार्थ पुनःपुन्हां पानांत वाढला जाण्याचा त्रास काय असतो, हें कोणा पंक्तींत जेवणाराला सांगावयास नको. संगणकावर पत्रव्यवहार करणारांनीं तेंच नांव नकोशा टपालाला दिलें व तें रूढ झालें.

ह्या टपालाचा जन्म पुष्कळांना वाटतो त्याहून जुना आहे. ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंतल्या एका संगणक-कंपनीच्या विक्रेत्यानें 'आर्पानेट' ह्या त्या वेळच्या जाळ्यावरील सुमारें ४०० लोकांस आपल्या नव्या यंत्राची जाहिरात एकदम धाडली. लोक पुष्कळ रागावले, तक्रारी झाल्या; तथापि त्या जाहिरातीमुळें आपलीं यंत्रें खपलीं असें त्या गृहस्थानें पुढें सांगितलें. बहुतेक सर्वांना राग येतो आणि थोड्यांना मोह पडतो, ह्यावरच हा धंदा आजवर उभा आहे. फसवणुकीच्या युक्त्या तर वीज येण्याच्याहि आधींच्या आहेत. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंतल्या सधन गृहस्थांना स्पेनमधून पत्रें येत कीं, एक श्रीमंत मनुष्य येथें तुरुंगांत खितपत पडला आहे, त्याच्या सुटकेसाठीं थोडी रक्कम धाडावी, म्हणजे त्याच्या गुप्त धनाचा वांटा मिळेल. आफ्रिकेंतल्या कोण्या राजपुत्राच्या नांवें जें पत्र आपल्यापैकीं कित्येकांना आलें असेल, तें त्याच कैद्याचें नातवंड होय. आपल्याकडेहि देवाच्या नांवाचीं कार्डें येत: एवढ्या प्रती करून एवढ्यांना धाडा, न धाडल्यास अरिष्ट येईल. मोह आणि भय हीं दोन शस्त्रें जुनींच आहेत. तीं फेंकण्याचा खर्च मात्र आतां नाहींसा झाला आहे.

हा खर्चाचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. पूर्वीं पत्र धाडणाराला प्रत्येक पत्रामागें तिकिटाचे पैसे पडत. म्हणून निरर्थक पत्रें धाडण्यास एक स्वाभाविक आळा होता. ई-मेलमध्यें दहा पत्रांना व दहा लाख पत्रांना लागणाऱ्या खर्चांत तसें फारसें अंतर नाहीं. धाडणाराचा तिकिटाचा खर्च वांचला आणि तो आपल्या वेळाच्या रूपानें आपल्यावर पडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००८ सालीं ह्या धंद्याचें गणितच मांडलें. अनाहूत टपाल धाडणाऱ्या एका टोळीच्या जाळ्यांत शिरून त्यांनीं पाहिलें, तों औषधांच्या जाहिरातीचीं सुमारें ३५ कोटी पत्रें २६ दिवसांत गेलीं आणि त्यांतून अवघे २८ ग्राहक मिळाले. भागाकार करून पाहा: सवा कोटी पत्रांमागें एक मनुष्य! एवढ्यावरहि त्या टोळीनें धंदा सोडला नाहीं, कारण तिला एकच मनुष्य हवा असतो. तो एक मनुष्य आपल्या घरांतला नसावा, एवढें पाहणें हें आपलें काम.

तो एक मनुष्य शोधण्याची त्यांची रीतिहि ऐकण्यासारखी आहे. राजपुत्राच्या पत्रांतली भाषा इतकी अशुद्ध व कथा इतकी अचाट कां असते, हा प्रश्न कॉर्मॅक हर्ली ह्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकानें २०१२ सालीं विचारला. त्याचें उत्तर असें कीं, ती एक चाळण आहे. शहाणा मनुष्य पहिल्याच ओळीला हंसून निघून जातो व ठकाचा वेळ वांचतो. जो उत्तर देतो तो पुढेंहि विश्वास ठेवणारा असण्याचा संभव अधिक. आम्ही जन्मभर मुलांच्या निबंधांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या, तेव्हां चुका पाहून ठक ओळखण्याची ही परीक्षा आम्हांस सोयीची होती. परंतु आतां तिजवर विसंबतां येत नाहीं. हल्लीं लेखन करणारीं यंत्रें निघालीं आहेत. तीं इंग्रजी काय आणि मराठी काय, निर्दोष लिहून देतात. शुद्ध भाषेंत आलेलें पत्र सज्जनाचेंच असलें पाहिजे, हा समज आमच्या पिढीनें सोडून द्यावा.

आतां आपल्या पेटीच्या दाराशीं जो द्वारपाल उभा असतो त्याची ओळख करून घेऊं. थॉमस बेझ नांवाचे एक इंग्रज धर्मोपदेशक अठराव्या शतकांत होऊन गेले. त्यांचा संभाव्यतेवरचा निबंध त्यांच्या मरणानंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. हातीं आलेल्या पुराव्यावरून आपला तर्क थोडा थोडा सुधारीत कसा जावा, हा त्याचा विषय. ह्याच तत्त्वावर टपालाची निवड कशी करावी, हें पॉल ग्रॅहम ह्या लेखकानें २००२ सालीं एका निबंधांत दाखविलें व ती पद्धति लोकप्रिय झाली. 'बक्षीस', 'तांतडीनें', 'मोफत' असे शब्द नकोशा पत्रांत किती वेळां येतात व खऱ्या पत्रांत किती वेळां येतात, ह्याचा हिशेब यंत्र ठेवितें आणि नव्या पत्राबद्दल तर्क करितें. आजचीं यंत्रें ह्याहून पुष्कळ अधिक गोष्टी पाहतात. परंतु मूळ गोष्ट हीच कीं द्वारपाल शिकविल्यानें शिकतो. म्हणून नकोसें पत्र नुसतें पुसून टाकूं नये. 'स्पॅम' असें लिहिलेलें बटण दाबावें. पुसल्यानें पत्र जातें. बटण दाबल्यानें द्वारपालाला त्या पाहुण्याचा चेहरा कळतो.

शिकाऊ द्वारपालाच्या हातून चुकाहि होतात. आमच्या एका भाचीला नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें आलें होतें. तें द्वारपालानें अडगळीच्या पेटींत टाकलें व मुलाखतीची तारीख उलटल्यावर तें तिला सांपडलें. जीमेलमध्यें ह्या पेटींतलें पत्र ३० दिवसांनीं आपोआप नाहींसें होतें. ह्यास्तव आठवड्यांतून एकदां त्या पेटींतलीं नांवें वरवर पाहून घ्यावीं. आपलें पत्र तेथें सांपडल्यास तें 'स्पॅम नव्हे' असें यंत्रास सांगावें, म्हणजे पुन्हां ती चूक होण्याचा संभव कमी होतो.

अनाहूत टपालाच्या तीन जाती आहेत व तिन्हींना एकच औषध चालत नाहीं. पहिली जात दुकानदारांची. साडी घेतांना, तिकीट काढतांना आपणच कोठें तरी पत्ता दिलेला असतो व मग रोज जाहिरात येते. हे लोक त्रासदायक असले तरी ठक नव्हेत. त्यांच्या पत्राच्या तळाशीं किंवा डोक्याशीं 'अनसबस्क्राइब' असा शब्द असतो. तो दाबून नांव काढून घ्यावें. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रें धाडणारांनीं एका टिचकीनें नांव काढण्याची सोय ठेविली पाहिजे व तक्रारींचें प्रमाण हजारीं तिनांच्या खालीं राखलें पाहिजे, असे नियम गूगलनें फेब्रुवारी २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें लागू केले. आपल्या एका तक्रारीला किती वजन आहे हें ह्यावरून दिसेल.

दुसरी जात सर्वस्वी अनोळख्यांची. येथें नांव काढून घेण्याच्या भानगडींत पडूं नये, कारण त्यांना आपला पत्ता जिवंत आहे कीं नाहीं एवढेंच हवें असतें. 'नको' म्हटलें तरी पत्ता जिवंत ठरतो; रागानें चार शब्द सुनावले तरी तें उत्तरच झालें. पुष्कळ पत्रांत एक अदृश्य, टिंबाएवढें चित्र असतें. पत्र उघडून चित्र दिसूं लागलें कीं धाडणाराला पत्र उघडल्याची वर्दी पोंचूं शकते. ह्यासाठीं 'चित्रें दाखविण्यापूर्वीं विचारा' अशी योजना आपल्या ई-मेलच्या सेटिंगमध्यें करून ठेवावी. अनोळख्याच्या हांकेला मौन हेंच उत्तर.

तिसरी जात बहुरूप्यांची, आणि खरा धोका येथें आहे. हीं पत्रें बँकेचें, आयकर खात्याचें, वीज कंपनीचें वा कुरियरचें सोंग घेऊन येतात. पत्रावर धाडणाराचें म्हणून जें नांव दिसतें तें पाकिटावर कोणीहि लिहावें तसें असतें. त्या नांवाच्या मागचा पत्ता वाचावयास शिकलें पाहिजे. येथें संस्कृत व्याकरणाचा एक धडा आमच्या उपयोगीं पडतो. तत्पुरुष समासांत उत्तरपद प्रधान असतें. 'राजपुरुष' म्हणजे राजा नव्हे, राजाचा मनुष्य. 'राज' हें पद आरंभीं कितीहि डौलानें बसलेलें असलें तरी प्रधानपद शेवटीं आहे. इंटरनेटवरचा पत्ता ह्याच नियमानें चालतो. 'अमुकबँक डॉट खातेंतपासणी डॉट कॉम' ह्या पत्त्यांत 'अमुकबँक' हें केवळ शोभेचें पूर्वपद आहे; पत्ता 'खातेंतपासणी डॉट कॉम' ह्या कोणा भलत्याच्या मालकीचा आहे. ई-मेलमध्यें 'ॲट'च्या चिन्हापुढचा भाग घ्यावा, लिंकमध्यें पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. रिझर्व्ह बँकेनेंहि २०२५ सालीं ह्याच धोरणानें, सर्व बँकांनीं आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' ह्या उत्तरपदाखालीं आणावीं, असा आदेश काढला. तें उत्तरपद नोंदणी करून बँकांनाच मिळतें.

तरी पण पत्ताहि क्वचित् बनावट घालतां येतो. ह्यास्तव त्याहून सोपा व खात्रीचा नियम सांगतों. पत्रांतल्या लिंकवरून बँकेंत जाऊं नये. बँकेंत जावयाचेंच तर आपण होऊन तिचें ॲप उघडावें, किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. कोणतीहि बँक वा आयकर खातें पत्रानें पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मागत नाहीं. आणि ज्या पत्रांत 'चोवीस तासांच्या आंत' असा शब्द असेल, तें पत्र घरांतल्या दुसऱ्या मनुष्याला दाखविल्यावांचून त्यावर कांहीं करूं नये.

हें शेवटचें वाक्य आम्ही विचार करून लिहिलें आहे. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत. घरांत त्यांना नाना म्हणतात. निवृत्तिवेतन घेणारांना दर वर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ह्या योजनेनें तो घरबसल्याहि देतां येतो. नेमक्या त्याच महिन्यांत नानांना पत्र आलें कीं, आपला दाखला पोंचला नाहीं, चोवीस तासांत माहिती न भरल्यास वेतन थांबेल. त्यांनीं लिंक उघडली, खात्याचा तपशील भरला, आलेला ओटीपीहि लिहिला. सायंकाळीं खात्यांतून साठ हजार रुपये गेले. घरांत मुलगा, सून, कॉलेजांत जाणारा नातू, सर्व मंडळी होती. नाना चार दिवस कोणाशींहि बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं आणखी चाळीस हजार गेले. चौथ्या दिवशीं सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, दोन दिवस पानांत सगळें तसेंच राहतें आहे. बरें वाटत नाहीं का?" तेव्हां त्या वृद्ध गृहस्थाला रडूं कोसळलें.

नाना कां बोलले नाहींत, तें त्यांनीं आम्हांस मागाहून सांगितलें. आदल्या महिन्यांत फोनमधील कांहीं बारीकसारीक गोष्ट त्यांनीं तिसऱ्यांदां विचारली, तेव्हां मुलगा कामाच्या घाईंत म्हणाला होता, "नाना, तुम्हांला कितीदां सांगावयाचें?" मुलाच्या मनांत अनादर नव्हता. असें वाक्य कोणत्याहि घरांत, कोणत्याहि दिवशीं उच्चारलें जातें. परंतु चाळीस वर्षें ज्यांनीं दुसऱ्यांच्या मुलांना तीच गोष्ट शंभरदां सांगितली, त्यांच्या मनांत तें रुतून बसलें. पहिले साठ हजार ठकानें नेले. पुढचे चाळीस हजार त्या एका वाक्यानें गेले, असें आम्हांस वाटतें.

वेळेवर तोंड उघडण्याला येथें अक्षरशः पैशाचें मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकांत असें तत्त्व घातलें होतें कीं, ग्राहकाच्या निष्काळजीपणानें पैसे गेले तर बँकेला कळवीपर्यंतचें नुकसान ग्राहकाचें. कळविल्यानंतर जें जाईल तें बँकेचें. म्हणजे नानांनीं पहिल्याच सायंकाळीं बँकेंत वर्दी दिली असती, तर दुसरी रक्कम बहुधा वांचली असती. अशा प्रसंगीं १९३० ह्या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेस कळवून खातें थांबवावें, आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत फिरत असतात, तोंवरच ते अडवितां येण्याची आशा असते. म्हणून पहिला तास महत्त्वाचा.

ठक एकट्या मनुष्याला गांठतो. त्याचें पत्र भीति घालतें, घाई करितें, आणि मध्यें कोणाला विचारावयास सवड ठेवीत नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणारांजवळ ह्यावर जो उपाय आहे तो कोणत्याहि कंपनीच्या यंत्रांत नाहीं. पण तो वापरला तर उपयोग. घरांत चार माणसें असून प्रत्येकजण आपापल्या पडद्यापुढें एकटा बसला असेल, तर तें घर ठकाच्या दृष्टीनें चार सुटीं माणसेंच आहेत.

ह्यासाठीं घरांत एक लहानशी व्यवस्था लावावी असें आम्ही सुचवितों. प्रत्येकानें दोन पत्ते ठेवावे: एक बँक, कार्यालय व आप्तेष्टांसाठीं, आणि दुसरा दुकानें, तिकिटें व स्पर्धा ह्यांसाठीं. पहिला पत्ता दुकानाच्या वहींत लिहूं नये. पासवर्डाखेरीज दुसऱ्या खुणेची पडताळणी, जिला 'टू-स्टेप' म्हणतात, ती प्रत्येक खात्याला लावून घ्यावी. हें काम घरांतल्या कॉलेजच्या मुलांकडे सोंपवावें व तीं बसून करून देत असतां वडील मंडळींनीं तें समजून घ्यावें. रविवारीं दुपारच्या चहानंतर दहा मिनिटें सर्वांनीं आपापल्या पेटींतलीं संशयित पत्रें मोठ्यानें वाचून दाखवावीं. मुलांना ह्यांत मौज वाटते, बायकांना व वडिलांना सराव होतो, आणि पत्र सर्वांत मिळून वाचण्याचा जुना परिपाठ ह्या निमित्तानें पुन्हां सुरू होतो.

आणि घरांतल्या तरुण मंडळींस एकच विनंति. आई, काकू, आजोबा ह्यांपैकीं कोणी फोन पुढें करून "हें पत्र खरें कीं खोटें रे?" असें विचारलें, तर तो प्रश्न कितव्यांदां आला हें मोजूं नये. तोच प्रश्न पुन्हां आला म्हणजे एक पत्र उघडण्यापूर्वीं तुमच्यापर्यंत पोंचलें, असें समजावें. आणि हातांतलें काम बाजूस ठेवून उत्तर द्यावें.